आठव्या महिन्यातली लेक

आमची लेक आठव्या महिन्यात झाली. हे वाक्य मी मुद्दाम पहिलं लिहितोय, कारण आमच्या घरात बरेच दिवस ते कुणी तोंडातून काढत नव्हतं.

मैत्री तिचं नाव. आता ती घरभर रांगते, मोबाइलचा चार्जर चघळते आणि शेजारच्या तेलुगू काकू दिसल्या की दोन्ही हात पुढे करते. त्यामुळे मला हे सांगायला जोर आलाय. तेव्हा नव्हता. तेव्हा मी दवाखान्यातल्या बाकावर बसून फोनवर मराठीत शोधत होतो, की आपल्यासारखं कुणी यातून गेलंय का आणि त्यानं काय केलं. सापडायचे ते एकतर सल्ले, नाहीतर घाबरवणाऱ्या बातम्या. तुम्ही आत्ता तशाच एखाद्या बाकावर बसला असाल, तर हे तुमच्यासाठी आहे. डॉक्टरी माहिती मी देणार नाही. ती मला तेव्हाही कळली नव्हती.

सुजलेले पाय

माझ्या बायकोचे, प्रज्ञाचे, पाय सुजले होते आणि आम्ही त्याची चेष्टा करत होतो. हैदराबादच्या सुलतान बाजारातून एक नंबर मोठ्या चपला आणल्या, तर त्याही तिला होईनात. "आता तुझ्याच घालते," म्हणाली, आणि माझ्या चपला घालून तपासणीला आली. दवाखाना कोठीजवळ. माझं ऑफिस नामपल्लीला, मी तासाभराची परवानगी काढून आलेलो. जेवणाचा डबा टेबलावर तसाच ठेवला होता, म्हणजे परत जायची मला किती खात्री होती बघा.

नर्सनं रक्तदाब मोजला. पुन्हा मोजला. मग दुसऱ्या हाताला पट्टा बांधून मोजला. डॉक्टर मॅडमनी विचारलं, डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे काही चमकतं का. प्रज्ञा दोन्हीला हो म्हणाली. यातलं काहीच तिनं मला सांगितलं नव्हतं, कारण तिला वाटलं सगळ्यांनाच असं होत असेल. मॅडम अगदी शांतपणे म्हणाल्या, "आज ही डिलिव्हरी करना पड़ेगा. रुकेंगे तो दोनों को खतरा है."

प्रज्ञाला आत नेल्यावर मी नांदेडला आईला फोन लावला. आई तिथं धाकट्या भावाकडे राहते.

"आत घेतलं? आत्ताच? कितवा लागलाय तिला?"

"आठवा."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"बाळू," आई म्हणाली, "कुणाला आठवा सांगू नको. सातवा सांग."

आमच्याकडं ही पक्की समजूत आहे. सातव्या महिन्यात झालेलं लेकरू जगतं, आठव्यातलं जगत नाही. आता पोटात जास्त राहिलेलं लेकरू जास्त कच्चं कसं असेल, हे कुणी विचारत नाही. आणि माझी आई ही काही देवभोळी बाई नव्हे. आमच्या घरात नवस नाहीत, पाचवीला सटवाई पुजली जात नाही. भावाच्या पोराची पाचवी आली तेव्हा आई शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होती, की आम्ही बुद्धाची माणसं, आमच्या लेकराच्या कपाळावर कुणी येऊन काही लिहीत नसतं. तीच आई आठव्या महिन्याला घाबरली. मला तिचा राग आला. पण फोन ठेवल्यावर ऑफिसातल्या मित्राचा फोन आला, आणि त्यानं विचारल्यावर माझ्याही तोंडून "सातवा" गेलं.

काचेत

लेक झाली आणि तिला काचेच्या पेटीत ठेवलं. दीड किलोही भरली नव्हती. हात कोपरापर्यंत धुऊन, गाऊन घालून, दुसऱ्या चपला चढवून मी आत गेलो.

खरं सांगतो, तिला पहिल्यांदा बघून मला प्रेम वाटलं नाही. भीती वाटली. कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसत होत्या. नाकात नळी, पायाला शेजारच्या मशीनची लाल दिव्याची वायर, डोक्यावर मोज्यासारखी टोपी. तुम्हालाही असंच वाटलं असेल तर स्वतःला वाईट समजू नका. प्रेम येतं. आमच्याकडे चार-पाच दिवस उशिरा आलं, पण आलं.

मी बघत असतानाच मशीन ओरडायला लागलं. तिथल्या मल्लेश्वरी सिस्टर आल्या, काचेच्या गोल खिडकीतून हात घातला आणि लेकीच्या तळपायावर टिचकी मारली. लेकीनं अंग आखडलं आणि मशीन गप्प झालं.

"क्या हुआ सिस्टर?"

"सांस लेना भूल गई," सिस्टर म्हणाल्या, दूध उतू गेलं म्हणावं तितक्या सहज. "छोटे बच्चां भूल जाते. याद दिलाना पड़ता."

मॅडमनी मग नीट सांगितलं. विसरणं थांबलं पाहिजे, दूध पचलं पाहिजे आणि मध्ये जंतुसंसर्ग होता कामा नये. तोवर त्या कसलीच खात्री देणार नव्हत्या. माझं सगळं जग त्या दिवसापासून त्या एका गोष्टीवर येऊन थांबलं, की ही पुढचा श्वास घेणार की विसरणार.

प्रज्ञाला तर लेक दिसलीच नव्हती. रक्तदाब उतरत नव्हता, तो उतरला तर सिझरच्या टाक्यांमुळे ताप चढला. ताप असताना आत सोडत नाहीत. मी तिला व्हिडिओ दाखवायचो.

"ती हलत का नाही?"

"झोपली आहे."

"तू खोटं बोलताना मान खाजवतोस," प्रज्ञा म्हणाली.

तिच्या हातात एकच काम होतं, दूध काढायचं. पहिल्या दिवशी वाटीचा तळ ओला झाला, बस. पण ते चार थेंब घेऊन मी व्हरांड्यातून असा चाललो, की एखादा मंत्रीही इतक्या थाटात गेला नसेल. लोक बाजूला झाले. सिस्टरनी ते थेंब नळीतून लेकीच्या पोटात सोडले आणि मला "बहुत अच्छा" म्हणाल्या. त्या दिवशी जेवलो मी.

आई आली

आई सकाळच्या गाडीनं आली. पिशवीत डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि जुन्या मऊ लुगड्याची फडकी. आल्या आल्या तिनं प्रज्ञाचा ताबा घेतला. डोकं विंचरलं, पाय चेपले, दवाखान्याच्या इडलीला नावं ठेवली. सून आणि सासूत इतकं गोड मी कधी पाहिलं नव्हतं.

पण ती लेकीला बघायला आली नाही. "चल, काचेतून तरी बघ," म्हटलं की तिला प्रज्ञाचा काढा आठवायचा. नातेवाइकांचे फोन आले की सांगायची, "बाई चांगली हाय. सातव्यात झाली." आणि पुढे काही नाही.

राउंडला आलेल्या एका नवख्या डॉक्टरनं विचारलं, "अम्मा, कौन से महीने में हुआ?"

"सातवा," आई म्हणाली.

त्यानं हातातली फाइल बघितली. "लेकिन फाइल में तो आठवां लिखा है."

"फाइल चुकलीय," आई म्हणाली.

मॅडम मागेच उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी आईच्या खांद्यावर हात ठेवला. "अम्मा, आठवां तो अच्छा है. जितना अंदर रही, उतना फायदा. सातवां होता तो मैं ज्यादा डरती." मी ते मराठीत सांगितलं. आईनं मान डोलावली. मॅडम गेल्यावर पदर सावरत म्हणाली, "शिकलेली बाई हाय. शिकलेल्या लोकान्ला काय म्हाईत असतं?"

प्रज्ञाच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. ती हैदराबादेतच वाढलेली, तिचं मराठी बोलण्यापुरतं, पण माणसं तिला बरोबर वाचता येतात. आई डबे धुवायला गेली तेव्हा ती म्हणाली, "आईंनी तिला सोडून दिलंय ना?"

"तसं नाही गं."

"हौ, तसंच आहे. मला खाऊ घालतात, माझं सगळं करतात. पण तिचं नावच काढत नाहीत. जसं मला लेकरू झालंच नाही, नुसतं ऑपरेशन झालं. मी इतकी परेशान आहे, मला भांडायला पण ताकद नाही."

मी दोघींच्या मधे. एकीला सांगितलं तर दुसरी रडणार. अशा वेळी नवरे आणि मुलगे जे करतात तेच मी केलं, चहा आणायला गेलो.

उघडे बाप

एका सकाळी मल्लेश्वरी सिस्टर म्हणाल्या, "कल से कांगारू करेंगे. मां को बुखार है, तो तुम आव."

कांगारू म्हणजे बाळाला उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून, तासन्‌तास धरून बसायचं. वर कापडाचा पट्टा बांधतात. ऑफिसातल्या त्याच मित्रानं सल्ला दिला, की छातीवर केस असतील तर लेकराला टोचतील. मी घरी जाऊन छाती भादरून आलो. सिस्टरनी शर्ट उघडल्यावर बघितलं आणि त्यांना हसू आवरेना. "ये कौन बोला तुमकू? अरे बाप के बाल में क्या कांटे रहते?" त्यांनी दुसऱ्या सिस्टरला बोलावून दाखवलं. दोन दिवस छातीला खाज सुटली होती, ती वेगळी.

आत आरामखुर्च्यांची ओळ होती आणि त्यात माझ्यासारखेच उघडे बाप बसले होते. पोटं सुटलेले, लाजलेले, जागरणानं डोळे तारवटलेले. शेजारच्या खुर्चीतला बाप ऑटो चालवणारा होता. त्यानं मला हळूच सांगितलं, "हिलो मत भाई. हिले तो सिस्टर चिल्लाती."

लेकीला माझ्यावर ठेवलं. सुरुवातीला काही कळलंच नाही, इतकी ती हलकी होती. मग तिची ऊब लागली. मग तिचा गाल माझ्या बरगड्यांवर टेकला आणि तिनं एक मोठा सुस्कारा टाकला, जसं काही दिवसभर काम करून आत्ता घरी आली. मी मशीनकडे बघत होतो. ते ओरडेल म्हणून वाट बघत होतो. ते ओरडलं नाही. अर्धा तास नाही, तासभर नाही. ती माझ्या श्वासाबरोबर वर-खाली होत होती आणि विसरत नव्हती.

मी रडलो. अनोळखी बापांसमोर, उघड्या अंगानं, नाक पुसायला हात मोकळा नाही अशा अवस्थेत रडलो. ऑटोवाल्यानं आपल्या खांद्यावरचा टॉवेल माझ्याकडे सरकवला.

त्या दिवसापासून ती मला आवडायला लागली, असं मी लिहिणार होतो. पण ते कमी पडेल. त्या दिवसापासून ती माझी झाली.

माझ्या आधीचा

कांगारूनं तिचं विसरणं कमी झालं. मशीन दिवसातून एखाद-दोन वेळाच ओरडू लागलं. आणि नेमकी मला सर्दी झाली. सिस्टरनी दारातच अडवलं. "छींक रहे तुम. अंदर नक्को." प्रज्ञाचा ताप उतरत आला होता, पण गेला नव्हता. "और कौन है? दादी है ना? दादी को बोलो."

मी बाहेर येऊन आईला सांगितलं. ती बाकावर बसली होती. "मला जमणार न्हाई," म्हणाली.

"आई, नुसतं धरून बसायचंय."

"म्हणूनच न्हाई जमणार."

माझा संयम संपला होता. मी मास्कमधूनच म्हणालो, की जगत नाही जगत नाही म्हणतेस, पण ती जगतेय, रोज जगतेय, फक्त तुला बघायचं नाही.

"तुझ्या आधी एक होता," आई म्हणाली.

माझ्या आधीचं एक मूल गेलं, इतकं मला माहीत होतं. घरात त्यापुढे कुणी बोलत नसे.

"आठव्यातलाच. चांगला रडला होता. आवाज होता त्याला. तुझी आजी म्हणली, आठव्यातलं हाय, जीव लावू नको, जाताना जड जाईल. बाजूला सुपात ठेवलं. पाजू दिलं न्हाई. मी बी हट्ट केला न्हाई. तोंड फिरवून झोपले. दोन दिवस होता."

"दूध दिलं असतं तर..." मी म्हणालो.

"मला म्हाईत हाय ते," आई म्हणाली. "तवापासून म्हाईत हाय. म्हणून तर म्हणते आठव्यातलं जगत न्हाई. जगतं म्हणलं, तर मग मी काय केलं?"

ती तेव्हा वीस वर्षांचीही नव्हती आणि खोलीत तिच्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं, एवढंच मी तिला सांगितलं. तिला ते पोचलं की नाही, माहीत नाही. मी तिचा हात धरला. तिनं तो काढून घेतला नाही.

दार उघडून सिस्टरनी हाक मारली, "प्रज्ञा के बेबी को कौन लेरे आज?"

आई उठली. "मी घेते," म्हणाली.

आजीची पाळी

मी काचेतून बघत होतो. सिस्टरनी आईला गाऊन घातला, खुर्चीत बसवलं, लेकीला तिच्या छातीवर ठेवलं. आई ताठ बसली होती, हात कुठे ठेवावा ते न कळल्यासारखी. थोड्या वेळानं मशीन ओरडलं. आई पांढरी पडली. सिस्टर दुसऱ्या काचेपाशी होत्या, त्यांना यायला क्षणभर लागला. तेवढ्यात आईनं खाली बघितलं आणि मी प्रज्ञाला सांगायचो तशी, आपल्या जाड बोटानं लेकीच्या तळपायावर टिचकी मारली.

मशीन गप्प झालं. आईचे ओठ हलताना दिसले. नंतर सिस्टरनी मला नक्कल करून दाखवली, अर्थ न कळता, पण आवाज अगदी आईचा. "घे गं, घे. झोपा काय काढतीस? घे म्हणते ना."

ती दुपारभर उठली नाही. चहा नको, जेवण नको. बाहेर आली तेव्हा चेहरा सुजला होता, म्हणजे भरपूर रडली असावी. मला म्हणाली, "अंगाला लेकराचा वास येतो तिच्या." दुसऱ्या दिवशी सिस्टरच्याही आधी दारात उभी होती. लेकीला छातीवर घेऊन बुद्धवंदना म्हणायची, ती संपली की नांदेडच्या सगळ्या नातेवाइकांच्या चुगल्या सांगायची. लेकीला दोन्ही मानवलं.

प्रज्ञाचा ताप उतरला आणि तिला चाकाच्या खुर्चीतून आत नेलं, तेव्हा लेक आईच्याच छातीवर होती. आई म्हणाली, "तुझ्या पोरीला मी उशिरा घेतलं. राग धर माझा."

"राग नंतर धरते, आई," प्रज्ञा म्हणाली. "आधी सांगा, पकडायचं कसं?"

आईनं लेक तिच्या छातीवर ठेवली. तिथून पुढे आमचं चांगभलंच झालं. लेक आधी नळीतून, मग बोंडल्यासारख्या छोट्या स्टीलच्या भांड्यातून, आणि एक दिवस अंगावर प्यायला लागली. त्या दिवशी प्रज्ञानं मला फोन केला आणि फक्त "पिली" एवढंच म्हणाली. रोज सकाळी वजन व्हायचं. सोनाराच्या काट्यापुढे उभं राहावं तसे आम्ही तिघं आकडा बघायला उभे राहायचो. एकदा तो खाली गेला तर आईनं काट्यालाच शिव्या घातल्या. मशीन हळूहळू ओरडायचं थांबलं, आणि मग सिस्टरनी पायाची वायर काढली. "पापा बागुंदि," म्हणाल्या. बाळ छान आहे.

तुम्हाला दोनच गोष्टी सांगतो. बाळाला छातीशी घेता येईल का, हे रोज विचारा. नाही म्हणाले तर उद्या परत विचारा. आणि घरातलं कुणी बाळाकडे बघत नसेल तर त्याच्यावर ओरडण्याआधी, जमलं तर, त्याच्याशेजारी बसा. मला ते आधी जमलं नाही.

घरी जाताना

सुट्टी मिळाली त्या दिवशी ऑटो खाली येऊन थांबला होता. प्रज्ञा माझा दंड धरून चालत होती, लेक आईजवळ, लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली. काचेच्या दारासमोरच्या बाकावर एक म्हातारी बाई बसली होती, काळा बुरखा, मांडीवर न उघडलेला डबा. फोनवर कुणाला तरी सांगत होती, "बहू को आठवां लगा था. क्या बोलू. अल्ला की मर्जी." आतून सिस्टरनी दोनदा हाक मारली, पण ती उठली नाही.

आई थांबली. मी म्हणालो, "आई, ऑटोवाला हॉर्न देतोय." तिनं ऐकलं नाही. ती त्या बाईशेजारी जाऊन बसली आणि लेकीच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं.

"देखो अम्मा," तिनं आपल्या मोडक्या दख्खनीत सांगितलं. "ये हमारी. आठवे की हाय."

बाईनं फोन खाली घेतला. लेकीकडे बघितलं, आईकडे बघितलं. "आठवां? सच्ची?"

"सच्ची. मैं झूट कैकू बोलूंगी?"

लेकीनं जांभई दिली. बाईनं डबा बाकावर ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली.